माझी नसलेली काहील

टॅमरॅक, इंडियाना
२२ एप्रिल

प्रिय कालिंदी,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव तू देवनागरीतही लिहिलं होतंस, त्यामुळे इथल्या पोस्टातल्या बाईंनी ते दोन दिवस काउंटरवर मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाल्या, टिम, ही नक्षी बहुधा तुझी असावी. त्र्यंबकचा टिम झाला त्याला सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला मी उच्चार शिकवायचा प्रयत्न केला होता. दोन जणांची जीभ चावली गेली, मग सोडून दिला. तुझं अक्षर मात्र होतं तसंच आहे. वाक्याच्या शेवटी अजूनही संस्कृतासारखा उभा दंड देतेस. रोपवाटिकेच्या पावत्यांवरही देतेस का? गिऱ्हाइकं जास्वंदाचं रोप घ्यायला येतात आणि स्तोत्र घेऊन जातात, असं व्हायचं.

तू तीन गोष्टी विचारल्यास. प्रकृती कशी आहे, तिथे बसून तू नेमकं करतोस तरी काय, आणि शैला गेल्यावर आता तिथे कोण आहे म्हणून परत येत नाहीस. प्रकृती बरी. रक्तदाब तुझ्या अक्षरासारखा आहे, वरच्या अंगाला झुकलेला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, आणि तिसऱ्याचं त्याच्याच पोटात कुठेतरी आहे, तेव्हा चहा ठेवून बैस.

संस्कृत पाठशाळेत तुझ्याबरोबर तीन वर्षं मी न्यायदर्शन शिकलो आणि इथे बावीस वर्षं न्यायालयात आहे. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे अनुभवाने सांगतो. विद्यापीठातल्या हस्तलिखितांची सूची संपली, तिच्याबरोबर नोकरीही संपली, आणि बायकोची, शैलाची, इस्पितळातली नोकरी ज्या गावात होती तिथे जी मिळाली ती ही. काउंटी म्हणजे आपला तालुका धर. तालुक्याच्या मधोमध चौक, चौकात घुमटाचं कोर्ट, आणि कोर्टाच्या तळघरात, ज्यांना स्वतःचा वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारने नेमलेल्या वकिलांची कचेरी. माझ्या टेबलासमोरची खिडकी फूटपाथच्या पातळीला आहे. तीतून मला बावीस वर्षं नुसते बूट दिसताहेत. न्यायाधीश लॅश यांचे बूट मी पावलाच्या आवाजावरूनही ओळखतो. डाव्या टाचेला घासलेले आहेत, आणि दर मंगळवारी, निकालाच्या दिवशी, जरा घाईत असतात.

तुला वाटत असेल, जबरी चोरीचा खटला म्हणजे साक्षीपुरावे, उलटतपासणी, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. ज्यूरीचे बारा पंच बसवून खटला चालवायचा प्रसंग आमच्याकडे गेल्या चौदा महिन्यांत एकदाही आला नाही. पंचांच्या खोलीत आता नाताळची सजावट ठेवतात. इथली रीत अशी. कुणी कुणाच्या हातून काही हिसकावलं की सरकारी वकील त्याच्या अंगावर बसेल तो सगळ्यांत जड आरोप बसवतात. माणूस तुरुंगात जातो. तारखा पडतात. दोन-चार महिन्यांत त्याला घर आठवायला लागतं. मग कधीतरी मंगळवारी सकाळी वरच्या बोळात, हातात कॉफीचे पेले धरून, आमच्या मार्नीबाई आणि सरकारपक्षाचा तो तरणा वकील उभ्याउभ्या बोलतात. 'जबरी' काढा, नुसती 'चोरी' राहू द्या, तुरुंगात काढले ते दिवस शिक्षेत धरा, आणि त्याने गुन्हा कबूल करावा. ठरलं की मार्नी जिन्यावरून खाली ओरडते, "टिम, एक वाक्य लागणार आहे!"

ते वाक्य हे माझं काम. कबुली द्यायची तर आरोपीने न्यायाधीशांसमोर, आपण काय केलं ते स्वतःच्या शब्दांत सांगावं, असा नियम आहे. ते स्वतःचे शब्द मी लिहितो. वाक्य असं हवं की आरोपीला म्हणवेल, सरकारला पुरेल आणि न्यायाधीशांना टोचणार नाही. यात काय घालायचं यापेक्षा काय गाळायचं याला महत्त्व. सूत्रं पाठ केलेल्या माणसाला हे अवघड नाही. आमच्या काउंटीत माझ्या वाक्यांना नाव आहे. शेजारच्या काउंटीतूनही मागणी येते. कबुलीची सुनावणी सात मिनिटांत आटपते, मी मोजलं आहे. त्यातली चार मिनिटं फॉर्मवर आद्याक्षरं करण्यात जातात.

गेल्या ऑक्टोबरात मार्नीने एक फाइल टेबलावर टाकली आणि म्हणाली, "हिचं वाक्य तू लिहून दाखव, मग मी तुला पंडित म्हणेन." फाइलीवर नाव होतं ऑर्फा ब्रुबाकर. वय एकसष्ट, अविवाहित, गावाबाहेर म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहणारी. आमच्याकडे साध्या राहणीच्या लोकांचे बरेच पंथ आहेत; ही काळ्या मोटारवाल्यांतली. मोटार चालवायला हरकत नाही, पण ती काळी हवी, आणि तिचं चकचकीत लोखंडसुद्धा काळं रंगवून घ्यायचं. हे लोक कोर्टकज्जा करत नाहीत, कुणी मारलं तर उलट मारत नाहीत, आणि शपथ घेत नाहीत. कोर्टात उभं राहावंच लागलं तर "हे खरं आहे, असं मी सांगते" एवढंच म्हणतात. एरवी खोटं बोलत असलेल्यालाच शपथ लागते, असं त्यांचं मत. मला ते पटतं, म्हणूनच इथे कुणाला बोलून दाखवत नाही.

आरोप होता जबरी चोरी, तीही समोरच्याला दुखापत करून. शिक्षा तीन ते सोळा वर्षं. चोरीचा माल, एक काहील.

तांब्याची. आपल्या गुऱ्हाळातल्या काहिलीहून खोल, वर कडी. दर शरद ऋतूत तिच्यात सफरचंदं दिवसभर आटवतात, लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ढवळत, काळा मुरांबा होईपर्यंत. त्याला इथे सफरचंदाचं लोणी म्हणतात. लोण्याचा थेंब नसतो. काहील एकच. ती त्या पंथातल्या बायकांच्या घरोघरी फिरते, आणि हंगाम संपला की शेवटच्या घरी वर्षभर राहते. चार पिढ्या अशीच. ती कुणाची, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, म्हणून त्याचा कागदही नव्हता. त्या वर्षी ती सेलिना नावाच्या विधवेच्या कोठारात होती. ऑगस्टात सेलिना गेली, आणि शहरातल्या तिच्या भाच्याने, ज्याचा पंथाशी काही संबंध उरलेला नाही, सप्टेंबरात सगळ्या चीजवस्तूंचा लिलाव पुकारला. ग्लेन पर्किझर नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने काहील घेतली. तो ती गाडीत चढवत असताना ऑर्फा तिथे पोचली. तिने कडी धरली. त्यानेही सोडली नाही. ओढाताणीत कडी निसटली, त्याचं बोट फाटलं, तीन टाके पडले. ऑर्फाने काहील काळ्या मोटारीच्या मागे ठेवली आणि वळायचा दिवा लावून, सावकाश निघून गेली.

आता तिची चूक ऐक. ही चूक तिच्या माणसांखेरीज जगात दुसरं कुणी करणार नाही. दुसऱ्या दिवशी शेरीफचा शिपाई तिच्या स्वयंपाकघरात आला. खुद्द पर्किझरने आदल्या दिवशी 'कडी निसटली' एवढंच सांगितलं होतं; प्रकरण समज देऊन मिटलं असतं. ऑर्फाने शिपायाला ॲपल पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला दिला आणि त्याने विचारायच्या आधी दोन पानं जबानी स्वतःच्या हाताने लिहून दिली. आपण दोनदा ओढलं. त्याच्या बोटाला रक्त आलेलं दिसलं. तरी सोडली नाही, कारण सोडली असती तर तो घेऊन गेला असता. ही जबानी मी वाचली आणि डोकं धरून बसलो. बोळातल्या कॉफीपर्यंत पोचायच्या आतच या बाईने आपल्या हातांनी सोळा वर्षांची सोय करून ठेवली होती.

जामीन मिळाला असता, पण अट अशी की काहील आधी कोर्टात आणून जमा करावी. ऑर्फा म्हणाली, आज ती कुणाकडे आहे ते मला माहीत नाही. हेही खरंच. हंगाम सुरू होता, काहील फिरत होती. शेरीफची माणसं घरोघर गेली. प्रत्येक घरी बाईने दार उघडून सांगितलं, मंगळवारपर्यंत इथेच होती. पुढे कुणी न्यायची हे त्यांचं आधी ठरलेलं नसतं. जिची सफरचंदं पिकली तिने न्यायची. शिपायांना तीन घरी खायला मिळालं, काहील मिळाली नाही. ऑर्फा तुरुंगात राहिली.

आणि घरी इझ्रा होते. तिचे वडील, वय त्र्याण्णव, दृष्टी गेलेली, अर्धं अंग गेलेलं. ऑर्फाचा आवाज ऐकल्याशिवाय ते घास घेत नाहीत. रोज सकाळी ती त्यांना जुन्या जर्मनमध्ये एक अध्याय वाचून दाखवायची आणि वाचतावाचता भरवायची. आता शेजारणी पाळीपाळीने जात होत्या, पण ते तोंड मिटून बसायचे. तुरुंगातल्या फोनवरून ऑर्फाने वाचून पाहिलं. इझ्रांनी यंत्र कानाजवळून ढकललं. त्यातून येणारा आवाज माणसाचा असेल हे त्यांना पटेना. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत सांगितली. खटल्याची तारीख जूनमध्ये होती.

डिसेंबरात सरकारपक्षाने देऊ केलं ते हे. साधी चोरी कबूल करा, झाले तेवढे दिवस शिक्षा, काहील व्यापाऱ्याला परत, आणि त्याच दिवशी घरी. मार्नीच्या नावावर त्या वेळी एकशे चाळीस माणसं होती. ती तुरुंगाच्या काचेपलीकडे बसलेल्या ऑर्फाला म्हणाली, "हे बघा, खटला लढलो तर मी कदाचित जिंकेन. पण जून म्हणजे जून हं, आणि तोही पंच मिळाले तर." ऑर्फा म्हणाली, मला घरी जायचंय, काय म्हणायचं ते सांगा. मार्नीने मला पुढे केलं आणि दुसऱ्या काचेकडे पळाली.

मी पहिलं वाक्य वाचलं. मी ग्लेन पर्किझर यांची काहील त्यांच्या संमतीवाचून घेतली. ऑर्फा म्हणाली, त्यांची नाही. मी 'दुसऱ्याची काहील' असं केलं. ती म्हणाली, दुसऱ्याची म्हणजे मला सोडून. मग तेही नाही. मी विचारलं, म्हणजे तुमची? तर म्हणे, छे, माझी कशी असेल. कालिंदी, आपण तीन वर्षं घटावर वाद घातला. तो घट आहे हे कशावरून, तो मातीहून वेगळा का, फुटल्यावर गेला कुठे. घट कुणाचा, हे गुरुजींनी एकदाही विचारलं नाही. आणि इथे नेमका तेवढाच प्रश्न होता. शेवटी मी लिहिलं, 'मी माझी नसलेली काहील एका माणसाच्या हातून ओढून घेतली.' ऑर्फाने दोनदा ऐकलं आणि मान हलवली. "हे खरं आहे. हे मी म्हणेन." माझ्यावर मी खूश झालो. जिना चढताना शीळही घातली असेन.

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ती लॅशसाहेबांसमोर उभी राहिली. नारिंगी कपडे, डोक्यावर मात्र पंथाची पांढरी टोपी. तेवढी तिला ठेवू दिली होती. त्यांनी नेहमीचे प्रश्न वाचले. हक्क समजले का? कुणी धमकावलं का? कुणी आमिष दाखवलं का? मग म्हणाले, काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा. तिने माझं वाक्य स्वच्छ सांगितलं. साहेबांनी पेन उचललं, आणि उगाच, निव्वळ फॉर्मातली जागा भरायची म्हणून विचारलं, "म्हणजे ती मिस्टर पर्किझर यांची होती." ऑर्फा म्हणाली, नाही. साहेबांनी चष्मा काढला. मग कुणाची? ती म्हणाली, आमची सगळ्यांची. सेलिनाकडे नुसती ठेवलेली होती.

आमच्या राज्यात असा कायदा आहे की एकाच तोंडाने गुन्हा कबूल करायचा आणि आपण निर्दोष असंही म्हणायचं, हे चालत नाही. न्यायाधीशांनी अशी कबुली घ्यायचीच नाही. कागदावर फार सुंदर कायदा आहे. निरपराध माणसाने दोष पत्करू नये म्हणून केलेला. लॅशसाहेब वाईट माणूस नाही. त्यांना तिला घरी पाठवायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी कागद बाजूला सारला आणि म्हणाले, मला हे घेता येणार नाही, जूनची तारीख कायम. तिला घरी पाठवायला सगळी खोली तयार होती, कालिंदी. सरकार, बचाव, न्यायाधीश, इतकंच काय, टाके पडलेला पर्किझरसुद्धा मागच्या बाकावर बसून हळहळला. दार मात्र उघडेना, कारण ती खरं बोलत होती. बेड्या घालून नेताना ती माझ्याजवळ थबकली. "वाक्य चांगलं होतं, टिम," म्हणाली. "पण त्यांनी पुढचं विचारलं."

फेब्रुवारीत इझ्रांनी पाणीही नाकारायला सुरुवात केली. शेजारीण निरोप घेऊन कचेरीत आली, तिचे बूट खिडकीसमोर बराच वेळ थांबून मग खाली आले. मार्नी म्हणाली, "या वेळी असं लिही की पुढचं विचारायची वेळच येणार नाही." मी म्हटलं, ते विचारणारच, आता विचारल्यावाचून त्यांनाही सोडवणार नाही. मी एकटाच तुरुंगात गेलो. कागदावर दोन ओळी होत्या. पहिलीत, 'मिस्टर पर्किझर यांनी लिलावात घेतलेली काहील मी त्यांच्या हातून घेतली.' ती सरळ होती. दुसरीत, साहेब विचारतील, ती त्यांची होती का? आणि त्यापुढे तिने म्हणायचं ते उत्तर, 'होय.'

ऑर्फाने काचेला लावलेला कागद वाचला. मग पुन्हा वाचला. म्हणाली, "हे खरं नाही."

मी म्हटलं, नाही.

"मग?"

मी म्हटलं, "इझ्रा."

एवढंच. एका नावापुढे मला काही बोलावं लागलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत छोटा मसुदा तो. तिने डोळे मिटले. काचेवर माझा कागद धरलेला हात दुखायला लागला, पण खाली घ्यायचा धीर होईना.

पुढच्या मंगळवारी सात मिनिटं. कुणी दबाव आणला का? नाही. ही कबुली स्वखुशीने देता? हो. ती त्यांची होती का? तिने 'होय' म्हटलं ते इतकं हळू की नोंद घेणाऱ्या बाईंनी हात वर केला. ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणावं लागेल. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं खोटं ऑर्फाला दोनदा बोलावं लागलं. दुपारी दोन वाजता ती घरी होती. तीन वाजता, शेजारणीने नंतर सांगितलं, इझ्रांनी अध्याय ऐकत अर्धी वाटी लापशी खाल्ली.

त्या गुरुवारी कोर्ट उघडायच्या आधी माझ्या खिडकीसमोर काळे बूट येऊन उभे राहिले. नाडीचे, सपाट टाचांचे, अकरा जोड. मध्ये तांब्याचं बूड टेकलं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुठल्या घरून आणली हे कुणी विचारलं नाही. व्हिनेगर आणि मीठ लावून घासली होती, आतून इतकी लखलख की मी वर जाऊन पाहिलं तर माझा चेहरा तीत वाकडा दिसला. बायका आल्या तशा गेल्या. पर्किझर दुपारी येऊन घेऊन गेला. आता ती तळ्याकाठच्या एका हॉटेलात आहे, शेकोटीची लाकडं ठेवतात तीत.

मला वाटलं, संपलं. बाराशेसाठ फाइली अशाच संपल्या आहेत. पण सुटकेचा शेवटचा कागद नेऊन द्यायचा होता आणि तो टपालाने पाठवायचं काही केल्या माझ्या हातून होईना. गेल्या शनिवारी मी गाडी काढली. इझ्रा खिडकीशी खुर्चीत होते, वसंताची मुदत ओलांडून बसलेले. ऑर्फाने मला कॉफी दिली, ॲपल पायचा तुकडा दिला. मी विचारलं, बरं चाललंय ना? ती म्हणाली, सहा आठवडे मला आमच्या मंडळीत, रविवारच्या प्रार्थनेला, शिक्षा म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं. मला वाटलं, चोरीबद्दल. तसं नव्हतं; काहील कुणाची ते मंडळीला ठाऊकच होतं. ती 'होय' म्हणाली त्याबद्दल. गुडघ्यांवर बसून सगळ्यांसमोर सांगावं लागलं. ती म्हणाली, मी त्यांना सांगितलं की ते माझं वाक्य नव्हतं, कचेरीतल्या टिमने लिहून दिलं होतं. तर त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, वाक्य त्याचं असेल, पण तोंड तुझं होतं. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. ॲपल पाय कुठल्या सफरचंदाचा ते सांगावं तसं सांगितलं. मग वडिलांचं तोंड पुसता पुसता तिने विचारलं, "टिम, मी चोरी केली असं तुम्हाला कधी वाटलं होतं?"

मी म्हटलं, कधीच नाही.

"मग लिहिलंत कसं?"

मी म्हटलं, सवय.

ती माझ्याकडे वळली. "कधीपासूनची?"

कालिंदी, मी कॉफी संपवली, कागद टेबलावर ठेवला आणि निघून आलो. बावीस वर्षांपासूनची, असं म्हणता आलं असतं. छान वाक्य होतं, आणि त्यात बरंच गाळलेलं होतं. घरी आलो तर वाचून ठेवलेलं तुझं पत्र टेबलावर होतं. पाठशाळेच्या शताब्दीचं तू शेवटी, सहज म्हणून लिहिलं आहेस. सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना आमंत्रणं गेली, 'त्यांच्या यादीत मी नसणारच म्हणा।' पुढे तुझा तो दंड. तेव्हा ऑर्फाच्या प्रश्नाचं उत्तर तुला देतो, कारण ते तुझं आहे. ही सवय नव्वद सालच्या फेब्रुवारीतली. ग्रंथालयाच्या वहीत तू दुपारी एकला आत आल्याची सही केलीस आणि पाचला गेल्याची. त्या चार तासांत ग्रंथालयातल्या एका पोथीची चार पानं नाहीशी झाली, आणि वहीत दुसरं कुणाचं नाव नव्हतं. गुरुजींनी तुला तीनदा विचारलं, मधल्या वेळात कुठे गेली होतीस का? तू गप्प राहिलीस. माझं नाव घेतलं असतंस तर माझं वसतिगृह गेलं असतं, दोन वेळचं जेवण गेलं असतं. हे तुला ठाऊक होतं आणि मलाही. तेव्हा मी तुझ्याकडे एक कागद घेऊन आलो. म्हणालो, एक माफीनामा दिलास की प्रकरण मिटेल, परीक्षेला बसता येईल. 'अनवधानाने' हा शब्द मीच घातला होता. गुरुजींनी भाषेची तारीफ केली होती, आठवतं? तू वाचलास, माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. तू सही केलीस, परीक्षा दिलीस, आणि वर्षभरात संस्कृत सोडून रोपं लावायला लागलीस. ऑर्फाचं दार खरंच बाहेरून बंद होतं. तिच्यासाठी मी केलं ते चूक होतं की बरोबर, हे मला अजून उमगत नाही. तुझ्या दाराची किल्ली माझ्या खिशात होती. सोबत एक कागद आहे, त्यावर इथल्या नोटरीचा शिक्का मारून आणला आहे, आणि त्याची दुसरी प्रत पाठशाळेच्या चिटणिसांच्या नावाच्या पाकिटात, याच टपालात, उघडीच ठेवली आहे. ते पाकीट पाठवायचं की फाडायचं, हे या वेळी तुला विचारतो आहे. पाठवलंस तर सोहळ्याच्या दिवशी तेच मी तिथे उभा राहून बोलेन. डिसेंबराचं तिकीट काढलं आहे, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते. कागदावर सहाच वाक्यं आहेत. भाषा साधी आहे, तुला आवडणार नाही. 'पोथीची पानं गेली त्या शनिवारी एकच्या सहीपासून पाचच्या सहीपर्यंत कालिंदी ग्रंथालयात नव्हती. ती माझ्याबरोबर नदीच्या पलीकडच्या मळ्यात होती. पानं तिने घेतली नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. माफीनामा मी लिहिला. हे खरं आहे, असं मी सांगतो.'

तुझाच,
त्र्यंबक